चढावर पिकअप गेला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

प्रश्न थोडक्यात असा. दहाचाकी बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांचा) टिपर आहे, क्रशरवरून खडी वाहतो, वय साडेतीन वर्षं. गेले काही महिने खंबाटकी घाटासारख्या चढावर पिकअप राहिलेला नाही. तापमानाचा काटा लालच्या जवळ जातो, ॲव्हरेज लिटरला तीन किलोमीटरवरून अडीचवर आलंय, आणि पूर्वी आठवड्याने होणारं डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, आता दिवसाआड मागतंय. एक मिस्त्री हाफ इंजिन (इंजिन खोलून अर्धी दुरुस्ती) करा म्हणतो, दुसरा डीपीएफ काढून रिमॅप मारा (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदला) म्हणतो. कोणाचं ऐकायचं?

आत्ता दोघांचंही नको. ही चार दुखणी वेगवेगळी दिसत असली तरी धुळीत चालणाऱ्या टिपरमध्ये बहुतेक वेळा ती एकाच साखळीतली असतात. सिलिंडरला हवा कमी पडते. हवा कमी म्हणून डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी वाढते. काजळीने डीपीएफ लवकर भरतो, म्हणून रिजन वाढतं. रिजनला जादा डिझेल लागतं, त्यामुळे ॲव्हरेज पडतं आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. हवा कमी असताना एक्झॉस्टचं तापमानही चढतं, आणि ज्या मातीने इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) बुजतो तीच माती रेडिएटरही बुजवते. म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि लायनर (सिलिंडरचं अस्तर) शाबूत असूनही गाडी मेल्यासारखी चालते. हेड खोलून यातलं काहीच सुधारत नाही, उलट कंपनीने बांधलेलं इंजिन टपरीत उघडलं जातं.

आधी एक हिशेब मांडा, कारण तो कोणी मांडत नाही. २०१८ साली ॲक्सल लोड वाढवल्यानंतर तीन ॲक्सलच्या, म्हणजे दहाचाकी गाडीचं कायदेशीर एकूण वजन २८.५ टन झालं. ६ टक्के चढावर ताशी २५ किलोमीटरने एवढं वजन ओढायला चाकांवर साधारण १८५ हॉर्सपॉवर लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमधला तोटा धरला तर इंजिनाकडून २१०. तीच गाडी ३८ टनांवर भरली की इंजिनाकडून २८० लागतात. अडीचशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ते जमणारच नाही, वेग खालीच येणार. तक्रार सुरू होण्याच्या आसपास क्रशरवरचा लोडर बदलला का, बकेट मोठी आली का, हे विचारून घ्या आणि एक खेप वजनकाट्यावर घालून बघा. वजन तेवढंच असेल तर पुढे वाचा.

ब्रेक चिकटतात का तेही याच वेळी पाहून घ्या. सपाट रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न वापरता चालवून थांबा आणि इन्फ्रारेड गनने सगळ्या हबांचं तापमान घ्या. एखादा हब बाकीच्यांपेक्षा ३०-४० अंशांनी जास्त तापलेला असेल तर तिथला स्लॅक ॲडजस्टर किंवा ब्रेक चेंबर बघा. इंजिनाचा दोष म्हणून गॅरेजला आलेल्या गाड्यांत हे प्रकरण वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं.

मग स्कॅनर लावा, पण गाडी उभी असताना नाही. उभ्या गाडीत फक्त फॉल्ट कोड मिळतात. खरी माहिती भरलेल्या गाडीत, चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, १४०० ते १६०० आरपीएमच्या दरम्यान मिळते. लाइव्ह डेटात इतकंच नोंदवा: बूस्ट प्रेशर, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब (मागितलेलं आणि मिळालेलं), रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब (मागितलेलं आणि मिळालेलं), इनटेक मॅनिफोल्डचं तापमान, कुलंटचं तापमान, डीपीएफचं डिफरन्शिअल प्रेशर (त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक) आणि ईसीएमने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) लावलेली टॉर्क मर्यादा. बूस्ट वाचताना एक घोळ हमखास होतो. काही स्कॅनर बाहेरच्या हवेचा दाब धरून आकडा दाखवतात, काही वजा करून. किल्ली ऑन, इंजिन बंद अशा स्थितीत आकडा बघा. पुण्याच्या उंचीवर ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसला तर तो आकडा वातावरणासकट आहे. शून्य दिसला तर नाही. हे न बघता दोन गाड्यांचे आकडे ताडून पाहिले तर चांगला टर्बो भंगारात जातो.

आकड्यांचा अर्थ सरळ आहे. बूस्ट मागणीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी आणि रेल प्रेशर बरोबर, तर दोष हवेकडे. बूस्ट चढतंय पण रेल प्रेशर मागणीच्या मागे राहतंय, तर डिझेलकडे. दोन्ही ठीक आणि टॉर्कवर मर्यादा लागलेली, तर तापमान, डेफ (धूर शुद्ध करायला लागणारं युरियाचं द्रावण) किंवा डीपीएफमुळे ईसीएमनेच पॉवर कापलेली आहे. सगळं ठीक आणि मर्यादाही नाही, तर क्लच घसरतोय का आणि वजन किती, एवढंच उरतं.

हवा

एक किलो डिझेल पूर्ण जळायला कागदोपत्री साडेचौदा किलो हवा लागते. धूर न काढता चालायला पूर्ण लोडवर ती वीस किलोच्या आसपास द्यावी लागते. लिटरमागे हिशेब केला तर जवळजवळ १४ हजार लिटर हवा. चढावर अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन ताशी ४०-४५ लिटर डिझेल जाळतं, म्हणजे तासाला सहा लाख लिटर हवा त्या एका फिल्टरमधून जाते, तीही क्रशरची.

एअर फिल्टर डोळ्यांनी बघून ठरवू नका. रिस्ट्रिक्शन इंडिकेटर चालू आहे का बघा; नसेल तर फिल्टर आणि टर्बोमधल्या पाइपवर व्हॅक्यूम गेज लावा. पूर्ण लोडवर २५ इंच पाण्याच्या वर, म्हणजे ६३५ मिलिमीटरच्या वर ओढ जात असेल तर फिल्टर बदला. आयडलवर हा आकडा काहीच सांगत नाही. रोज फिल्टर काढून झटकायची सवय मात्र मोडा. प्रत्येक वेळी काढताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते, आपटल्याने कागदाची घडी फाटते, आणि कॉम्प्रेसरच्या आठ बारच्या हवेने मारलं तर उजेडात न दिसणारी भोकं पडतात. मारायचीच असेल तर दोन बारच्या खाली, आतून बाहेर. आतला सेफ्टी फिल्टर कधीही साफ करायचा नाही. बाहेरचा तीनदा बदलला की आतला एकदा नवा.

यापुढचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. हवेच्या मार्गात दोन प्रकारच्या गळत्या असतात आणि त्यांचे परिणाम अगदी वेगळे. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या होजला चीर असेल तर तिथून कच्ची धूळ आत ओढली जाते. पिकअपवर फरक पडत नाही, धूर येत नाही, ड्रायव्हरला काही कळत नाही. पण रिंगा आणि लायनर घासत जातात, आणि काही महिन्यांत इंजिन खरंच हाफ करायला येतं. हा होज काढा आणि आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्याला राखाडी भुकटी लागली तर गळती शोधल्याशिवाय गाडी कामावर पाठवू नका. होज मऊ झाला असेल, क्लॅम्प रबरात रुतला असेल, एअर कॉम्प्रेसरला जाणारा छोटा पाइप सैल असेल, अशा चिल्लर गोष्टी असतात. क्लॅम्प आवळून भागत नाही. मऊ किंवा कडक झालेला होज बदलावाच लागतो.

टर्बोनंतरची गळती बोलकी असते: चढावर शिट्टीसारखा आवाज, आणि जोडाजवळ काळसर तेलकट डाग. इथे बूस्ट वाया जातं. तपासायची पद्धत अशी: इंटरकूलरची दोन्ही तोंडं प्लगने बंद करायची, एका प्लगमधून हवा भरून ३० पीएसआय करायची, व्हॉल्व्ह बंद करून १५ सेकंद थांबायचं. दाब ५ ते ७ पीएसआयपेक्षा जास्त पडला तर इंटरकूलर फुटका. प्लग साखळीने बांधल्याशिवाय हवा भरू नका. सुटलेला प्लग माणसाच्या छातीत बसतो. इंटरकूलर ठीक निघाला तर सगळे होज जोडून साबणाचं पाणी मारून जोड तपासा.

आता इनटेक मॅनिफोल्डच्या तापमानाकडे या. गाडी चालू असताना, पूर्ण लोडवर हा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी जास्त असेल तिथपर्यंत ठीक. ४० अंशांच्या उन्हाळ्यात ८५-९० दिसत असेल तर इंटरकूलर हवा थंड करत नाहीये. गरम हवा विरळ असते, म्हणजे बूस्टचा आकडा बरोबर असूनही सिलिंडरमध्ये हवा कमीच भरते.

टर्बोवर संशय सगळ्यांत शेवटी घ्या. हाताने हलवून शाफ्ट थोडा वरखाली होतो म्हणून टर्बो गेला असं होत नाही. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे वरखाली थोडी खेळी असतेच. चाक बॉडीला घासल्याची खूण दिसली, किंवा शाफ्टच्या लांबीच्या दिशेची, आत-बाहेरची खेळी डायल गेजवर कंपनीच्या मर्यादेपलीकडे निघाली, तर तो गेला. आणि गेला असेल तर का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइलचा पाइप आतून कोळशाने बुजलेला असतो, नाहीतर फिल्टरमागची ती चीर असते. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल आणि तुटलेल्या पात्यांचे तुकडे काढल्याशिवाय इंजिन चालू केलं तर नव्या टर्बोचे पैसे तर जातातच, पण साचलेलं ऑइल ओढून इंजिन स्वतःच पळत सुटायचा धोकाही असतो.

थंडावा

या गाडीत मला सगळ्यांत जास्त संशय इथे आहे. समोरून बघितलं तर इंटरकूलर स्वच्छ दिसतो, मागून बघितलं तर रेडिएटरही. घाण असते ती दोघांच्या मधल्या फटीत. तिथे खडीची भुकटी, ऑइलचा ओशटपणा आणि रस्त्यावरचा कचरा मिळून गोधडीसारखा थर तयार होतो. समोरून पाणी मारून तो निघत नाही, आणखी आत दाबला जातो. इंटरकूलरचे बोल्ट काढून तो पुढे सरकवा, एसीचा कंडेन्सर असेल तर तोही. मग डिटर्जंट लावून थोडं थांबा आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाने पाणी सोडा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर गन जवळून मारलं की फिन वाकतात, आणि वाकलेली फिन म्हणजे कायमची बंद खिडकी. क्रशरच्या कामावर हे पावसाळा सोडून महिन्यातून एकदा तरी करावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यानेच तापमान आणि पिकअप दोन्ही सुधारल्याचं अनेकदा दिसतं.

बाहेरून स्वच्छ करूनही तापत असेल तर इन्फ्रारेड गन रेडिएटरच्या जाळीवर ओळीने फिरवा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या आतून बुजल्या आहेत. दख्खनच्या बोअरचं पाणी जड असतं. रस्त्यात कुठेही थांबून कॅनने ते ओतत राहिलं की क्षार सिलिंडरभोवती आणि नळ्यांत बसतात. क्षाराचा दीड-दोन मिलिमीटरचा थरही उष्णता अडवायला पुरेसा होतो. तयार मिश्रणाचा ५० टक्के ग्लायकॉलचा कुलंट वापरा, वरून भरायलाही तोच. रिफ्रॅक्टोमीटरवर प्रमाण तपासा. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कुलंट कशाला, असं म्हणणाऱ्यांनी वेट लायनरच्या (ज्याला बाहेरून थेट कुलंट लागतं त्याच्या) बाहेरची बाजू एकदा बघावी. लायनर प्रत्येक स्फोटाला थरथरतो, त्याच्या भिंतीवर सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू टोचून काढतात. कुलंटमधली रसायनं त्यावर संरक्षक पापुद्रा धरतात. साध्या पाण्यावर चाललेल्या लायनरला शेवटी सुईएवढं भोक पडून पाणी ऑइलमध्ये येतं.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. बहुतेक हेवी इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून परत फिरणारी वाट बंद करतो. तो काढला की पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता बायपासमधूनच परत फिरतो, आणि चढावर इंजिन आणखी तापतं. सपाटीवर मात्र गरजेपेक्षा थंड राहतं, म्हणजे ॲव्हरेजही जातं. शंका असेल तर भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत टांगून तापवा. साधारण ८२ अंशांना उघडायला लागून ९५ च्या आसपास पूर्ण उघडला पाहिजे. नेमका आकडा त्याच्या अंगावर कोरलेला असतो.

रेडिएटर कॅप शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण एक पीएसआय दाब धरला की पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. १५ पीएसआयची कॅप ढिली पडली तर वीसेक अंशांची सवलत गेली. व्हिस्कस फॅनचं कपलिंग गरम इंजिनावर घट्ट धरतं का, फॅनचं आवरण फुटलेलं नाही ना, बेल्टचा टेन्शनर सैल नाही ना, हे दहा मिनिटांत बघून होतं. तेही ठीक असून कुलंट टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस टेस्टर लावा. निळं द्रव पिवळं झालं तर हेड गॅस्केट किंवा हेड. तेव्हा, आणि तेव्हाच, हेड उघडायचं.

डिझेल

स्कॅनरवर रेल प्रेशर मागे पडत असेल तरच इथे वेळ घालवा. सुरुवात टाकीपासून. चढावर पिकअप पडल्याक्षणी थांबून टाकीचं झाकण सैल करा. गाडी लगेच सुधारली तर टाकीचा ब्रीदर (हवा आत घ्यायचं भोक) बुजलाय. नाही सुधारली तर पहिल्या फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का बघा. ओढीच्या बाजूची गळती डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते, म्हणून डाग शोधून सापडत नाही.

कॉमन रेलचा पंप १६०० ते २००० बारपर्यंत दाब करतो. इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, त्यामुळे बॅरलमधून हातपंपाने भरलेलं साइटवरचं डिझेल आणि स्वस्त म्हणून घेतलेलं ‘बायोडिझेल’ यांचा हिशेब इंजेक्टरच्या बिलात चुकता होतो. वॉटर सेपरेटर रोज सकाळी सुरू करण्याआधी उघडून पाणी काढा. नवा दुसरा फिल्टर बसवताना तो वरून डिझेलने भरून लावू नका. तसं ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं. रिकामा लावा आणि हँड प्रायमर मारा.

इंजेक्टरचा संशय असेल तर रिटर्नची चाचणी करा. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या मोजपात्रात सोडून ठरावीक वेळ चालवा. एक बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट सोडत असेल तर तोच दोषी, सहाच्या सहा बदलायची गरज नाही. बदललेल्या इंजेक्टरवरचा कोड ईसीएममध्ये भरावा लागतो, खालचा तांब्याचा वॉशर नवाच घालावा लागतो, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच. जुन्या पंपाच्या सवयीने चालू इंजिनावर हाय प्रेशर पाइपची नट सैल करून ‘कोणता सिलिंडर मिस आहे’ बघणारे मिस्त्री अजून आहेत. या दाबाची धार कातडीतून आत शिरते, आणि बाहेरून टोचल्याएवढीच जखम दिसत असली तरी बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.

डीपीएफ आणि ऑइल

काजळी जाळायला डीपीएफला ५५० ते ६०० अंश लागतात. क्रशर ते साइट आठ-दहा किलोमीटरची फेरी, भरायला आणि रिकामं व्हायला इंजिन चालू ठेवून उभं राहणं, अशा कामात हे तापमान टिकत नाही, रिजन अर्ध्यावर तुटतं आणि पुन्हा सुरू होतं. शिवाय उभं इंजिन ताशी दीड-दोन लिटर पितं ते वेगळंच. म्हणून शिफ्ट संपताना पार्क्ड रिजन (गाडी उभी करून केलेलं) पूर्ण करून घ्यायची शिस्त लावा. कोरडं गवत, उसाचं पाचट यांपासून लांब, मोकळ्या जमिनीवर. ड्रायव्हर वैतागून रिजन रोखायचं बटण दाबून ठेवतात, तेही विचारून घ्या.

रिजन झाल्या झाल्या डिफरन्शिअल प्रेशर खाली येतं का बघा. येत असेल तर डीपीएफ चांगला आहे, काजळी पुढून जास्त येतेय. येत नसेल तर त्यात ऑइलची राख साठली आहे. ती जळत नाही, यंत्रावर साफ करून घ्यावी लागते. त्याआधी प्रेशर सेन्सरच्या दोन बारीक नळ्या काढून फुंकर मारून बघा. त्यातली एक चिरलेली किंवा बुजलेली असली की ईसीएमला खोटा आकडा जातो.

ऑइल सीके-४ दर्जाचं, बीएस६ साठी कमी राखेचं, बहुधा १५डब्ल्यू-४०. महत्त्वाचं म्हणजे डिपस्टिक. ऑइलची पातळी कमी होण्यापेक्षा वाढत असेल तर जास्त घाबरा, कारण वारंवारच्या रिजनमधलं डिझेल किंवा कुलंट त्यात मिसळतंय. तुमच्या गाडीत रिजन दिवसाआड होतंय, म्हणून हे ऑइल अंतराची वाट न पाहता आत्ताच बदला, पण जुनं फेकण्याआधी त्याचा नमुना काढा. गरम इंजिन, नवी नळी, डिपस्टिकच्या भोकातून, ऑइलच्या मध्यभागातून. प्रयोगशाळेच्या अहवालात चार ओळी बघायच्या. सिलिकॉन आणि लोह दोन्ही वाढलेले असतील तर धूळ आत जातेय. सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कुलंट. डिझेलचं प्रमाण ४-५ टक्क्यांवर, किंवा १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १२ सेंटिस्टोकच्या खाली, तर बेअरिंगांना धोका. तांबं आणि शिसं एकदम चढलं तर बेअरिंगं घासायला लागली आहेत. एका अहवालापेक्षा लागोपाठचे तीन जास्त बोलतात.

रिमॅप आणि डीपीएफ काढणं

रिमॅप म्हणजे मुख्यतः जास्त डिझेल. ज्या इंजिनाला आहे त्या डिझेलपुरतीही हवा मिळत नाही त्याला आणखी डिझेल दिलं तर एक्झॉस्टचं तापमान चढतं, पिस्टनचा माथा आणि टर्बोचं टर्बाइन त्याची किंमत मोजतात. पहिला महिना गाडी उडते, हे खरं. वाढलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियनलाही सोसावा लागतो, ते मूळ टॉर्कवर बेतलेले आहेत. डीपीएफ काढला तरी काजळी जिथून येते तो दोष तसाच राहतो, फक्त सांगणारा दिवा विझतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हा बेकायदा बदल आहे. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

वायरिंगबद्दल एकच सांगतो, कारण टिपरमध्ये तेच घडतं: बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीएमचे कनेक्टर काढा, आणि अर्थ वेल्डच्या जवळच लावा. नंतर लागणारे विचित्र फॉल्ट कोड बहुतेकदा तिथून येतात.

इंजिन खरंच उघडायचं कधी

इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारा वायू पूर्ण लोडवर मोजून कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल, ऑइल अहवालात सिलिकॉन-लोह-क्रोमियम तिन्ही चढलेले असतील, ऑइल खात असेल आणि सिलिंडर चाचणीत एक-दोन सिलिंडर मागे असतील, तर उघडा. त्यातलं एकच लक्षण असेल तर थांबा. ब्रीदरला धूर जास्त म्हणून रिंगा गेल्या असं नाही. टर्बोची सील किंवा एअर कॉम्प्रेसरही तिथे हवा ढकलतो. कॉम्प्रेसरची लाइन सोडून पुन्हा मोजा.

उघडलंच तर ‘हाफ’ मध्ये नुसत्या रिंगा आणि बेअरिंगं घालून बंद करू नका. लायनर ब्लॉकच्या वर किती आलाय ते प्रत्येक लायनरला चार ठिकाणी डायल गेजने मोजा. तो खाली बसलेला असेल तर नवं गॅस्केटही टिकत नाही. रिंगेची फट लायनरमध्ये बसवून फिलर गेजने बघा. हेडचे बोल्ट कंपनीच्या क्रमाने, टॉर्क आणि मग अंशांत. लांबी वाढलेला बोल्ट परत वापरू नका. व्हॉल्व्ह क्लिअरन्स इंजिन थंड असताना, १-५-३-६-२-४ या क्रमाने. पहिल्यांदा चालू करण्याआधी इंधन बंद ठेवून स्टार्टर मारा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत.

आणि नवं इंजिन तासन्‌तास आयडलवर सोडून ‘बसवू’ नका. रिंगा लायनरवर बसायला सिलिंडरमधला दाब लागतो. बिनलोडच्या आयडलवर लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल खाणं आयुष्यभर राहतं. गळती बघायला दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग अर्ध्या-पाऊण लोडवर रस्त्यावर काढा, आरपीएम बदलत ठेवा, खालच्या गिअरची चढण टाळू नका पण टॉप गिअरमध्ये ११०० च्या खाली रेटूही नका. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, आणि जुना फिल्टर कापून कागदात धातूचे कण आहेत का ते बघूनच फेका.